तोंड साहेबांकडे

कला शिकायला विद्यापीठ लागतं हे आमच्या घरात कुणालाच पटलेलं नव्हतं. पलूसजवळच्या आमच्या गावात चित्रकला म्हणजे शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहिणं, आणि ते काम गावातला एक रंगारी दोन वेळच्या जेवणावर करून द्यायचा. तरी वडिलांनी मला सांगलीला ललित कलेच्या पदवीला घातलं, कारण बारावीचे मार्क बघता दुसरीकडे कुठे घालता येईल असं त्यांना वाटत नव्हतं. "चार वर्सं लाव रंग, मग बघू," असं ते म्हणाले. मग काय बघायचं ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

शेवटच्या वर्षी अभ्यासक्रमात एक नवीन गोष्ट आली. विद्यार्थ्याने चार महिने एखाद्या व्यावसायिकाकडे जाऊन प्रत्यक्ष काम करायचं, व्यावसायिकाने हजेरीवर आणि कामावर सही करायची, आणि ती सही असेल तरच पदवी. विभागप्रमुखांनी हे आम्हाला पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं. चित्रांत काचेच्या इमारती होत्या आणि टाय लावलेली माणसं पांढऱ्या फळ्यासमोर उभी राहून कारण नसताना हसत होती. "उद्योगजगत तुमची वाट पाहतंय," असं सर म्हणाले. उद्योगजगताचा पत्ता विचारल्यावर त्यांनी एक यादी काढली. तीत दोन शाळा, एक लग्नपत्रिका छापणारा, एक साड्यांचं दुकान आणि मिरज रस्त्यावरचं एक फ्लेक्सचं दुकान होतं. पुण्या-मुंबईच्या जाहिरात कंपन्या ज्यांचे मामा तिकडे होते त्यांना मिळाल्या. माझे दोन्ही मामा उसाला पाणी पाजत असल्यामुळे मला फ्लेक्सचं दुकान मिळालं.

दुकान पुढून फ्लेक्सचं आणि मागून पुतळ्यांचं होतं. पुढच्या खोलीत दोन संगणक आणि छपाईचं मशीन, मागे पत्र्याची शेड. मालकांना सगळे काका म्हणत. तरुणपणी त्यांनी मुंबईला मूर्तिकलेत पदक मिळवलं होतं. ते पदक मशीनच्या वर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी टांगलेलं असे आणि रोज सकाळी त्यालाही उदबत्ती ओवाळली जाई. पहिल्या दिवशी मी माझ्या चित्रांची फाइल घेऊन गेले. काकांनी ती अगदी मनापासून बघितली. कृष्णेच्या घाटाच्या जलरंगापाशी थांबले, एका व्यक्तिचित्राला "हात चांगला आहे" म्हणाले. मग फाइल बंद करून माझ्या हातात दिली.

"कलाकार, आता हे सगळं विसरायचं," ते म्हणाले. "इथे नियम एकच. तोंड साहेबांकडे."

हा नियम समजायला मला पाच मिनिटं लागली, आणि त्याच्यापुढे चार वर्षांचं शिक्षण फिकं पडलं. फ्लेक्सच्या एका कडेला साहेब असतात, कमरेपर्यंत, हात जोडलेले. साहेब म्हणजे त्या पक्षाचे त्या महिन्यात जे कुणी असतील ते. मधल्या जागेत ज्याचा वाढदिवस, निवड किंवा मयत असेल तो, आणि खाली गोलागोलांत शुभेच्छुक. या सगळ्यांची तोंडं साहेबांकडे वळलेली हवीत. एखादा बाहेरच्या बाजूला बघत असेल तर तो नाराज आहे, दुसरीकडे चाललाय, असा अर्थ गावात निघतो. काका सांगत की एकदा खरोखरच तसा अर्थ निघाला होता आणि बोर्ड तासाभरात फाडला गेला होता. म्हणून ज्याचा फोटो उलट बाजूला बघत असेल त्याला संगणकावर आरशातल्यासारखा फिरवायचा. एक बटण दाबलं की माणूस फिरतो. भांग इकडचा तिकडे जातो, शर्टाचा खिसा उजवीकडे येतो, घड्याळ हात बदलतं.

मी दोन जिल्ह्यांतले किती कार्यकर्ते असे फिरवले याची गणतीच नाही. एकानेही तक्रार केली नाही. माणूस आपलं तोंड जन्मभर आरशात बघत आलेला असतो, त्यामुळे त्याला उलटं तोंडच ओळखीचं वाटत असावं. कॉलेजात आम्हाला व्यक्तिचित्रण शिकवणारे सर सांगायचे, चेहऱ्याच्या दोन बाजू कधी सारख्या नसतात, त्या फरकातच माणूस सापडतो. त्या विषयात मी वर्गात पहिली आले होते. आता मी दिवसाला पन्नास माणसांचा फरक एका बटणाने इकडचा तिकडे करत होते, आणि काका म्हणत होते की पोरगी लवकर शिकली.

तिसऱ्या आठवड्यात रहिमतपूरकडच्या एका खेड्यातून चार माणसं आली. त्यांच्या गावचा एक जवान उत्तरेत कर्तव्यावर असताना गाडी दरीत कोसळून गेला होता. चौघांचे म्होरके एक निवृत्त सुभेदार होते, पाठ ताठ, मिशी पांढरी, बोलणं हुकूम सोडल्यासारखं. त्यांनी एक पाकीट पुढे केलं. आत घरच्या भिंतीवरची तसबीर उघडून काढलेला फोटो होता. भरतीला जाण्याआधी स्टुडिओत काढलेला, पांढरा शर्ट, विशीतला मुलगा. मान थोडी वळलेली, एक भुवई जराशी वर चढलेली, गालावर मसुराएवढा तीळ.

"गनवेश तेवढा घाला," सुभेदार म्हणाले.

गणवेश आमच्याकडे तयारच असत. साताऱ्या-सांगलीत घरटी एक माणूस फौजेत, तेव्हा काकांनी संगणकात मानेपासून खालचे सगळ्या प्रकारचे जवान साठवून ठेवले होते. बिल्ले, पदकं, दोरी, सगळं जागच्या जागी. डोकं तेवढं बसवायचं. या बोर्डावर साहेब उजव्या कडेला उभे होते आणि मुलगा डावीकडे बघत होता. मी बटण दाबलं, डोकं गणवेशावर बसवलं, टोपी घातली. वाईट वाटलं का? वाटलं. पण जेवणाची सुट्टी झाली होती आणि मला भूक लागली होती, हेही खरंच आहे. बोर्ड सगळ्यांना आवडला. त्याच चेहऱ्याची एक मोठी तसबीर घरच्यांसाठी करून दिली. मूळ फोटोचं पाकीट टेबलाच्या खणात पडलं. तिथे अशी कितीतरी पाकिटं होती, न्यायला कुणी परत आलं नव्हतं.

दोन महिन्यांनी तीच माणसं अर्धपुतळ्याची ऑर्डर घेऊन आली. गावाने कमिटी केली होती, चौथरा बांधून झाला होता आणि अनावरणाला साहेबांची तारीखही मिळाली होती. म्हणजे पुतळा सोडून सगळं तयार होतं. फोटो कुठला वापरायचा असं काकांनी विचारलं, तर सुभेदार म्हणाले, "बोर्डावरचाच घ्या की. सायब सवता म्हनले, लय रुबाबदार आलाय."

काकांचं मनगट त्या दिवसांत दुखत होतं. छाती आणि खांदे ते स्वतः करणार होते, पण चेहऱ्याचं नाजूक काम जमेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि "तोंड तू कर" म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी वडिलांना फोन करून सांगितलं. त्यांनी विचारलं, कुणाचं तोंड? मी सांगितलं. मग ते "नीट कर" एवढंच म्हणाले.

मी नीट केलं. पंधरा दिवस शेडमध्ये ओल्या मातीसमोर उभी होते. बोर्डावरचा चेहरा मोठा छापून समोर टांगला होता. चढलेली भुवई आली, ओठांची एका बाजूला दबलेली कड आली, शेवटी मातीचा एक बारीक कण चिमटीत घेऊन मी तीळही बसवला. कॉलेजात शिकवलं होतं की अशा खुणांनीच साम्य येतं. आपण काय फिरवलं होतं ते या पंधरा दिवसांत मला एकदाही आठवलं नाही. इतक्या जणांना फिरवलं होतं, त्यात हा एक. काका रोज संध्याकाळी येऊन बघायचे आणि ओलं फडकं टाकताना म्हणायचे, "हात चांगला आहे." मी तर मनात विभागप्रमुखांना पत्रसुद्धा लिहून टाकलं होतं.

शनिवारी कमिटी मातीचं काम पास करायला आली. दोन जीप भरून बारा माणसं, त्यातले आठ माजी सैनिक. आणि त्यांच्या मागून मुलाची आई. नवरा पूर्वीच गेलेला, हा एकच मुलगा. हिरव्या काठाचं जुनं लुगडं, डोक्यावर पदर. तिला प्लास्टिकची खुर्ची दिली आणि ती शेडच्या दाराजवळ ठेवली, म्हणजे मधे येणार नाही.

मग तपासणी सुरू झाली. ती बघून मला कळलं की आपलं सैन्य एवढं शिस्तीचं का आहे. एकाने बटणं मोजली. एकाने बिल्ल्याचा कोन बघितला. टोपी उजव्या कानाकडे झुकलेली आहे ना यावर दोघांचा वाद झाला आणि तिसऱ्याने स्वतःची टोपी घालून दाखवून तो मिटवला. पदकं डाव्या छातीवर आहेत हे बाराही जणांनी पाळीपाळीने पाहिलं. खांद्यावरची पट्टी एक सूत खाली आहे असा आक्षेप निघाला, तो काकांनी तिथल्या तिथे दुरुस्त केला. मिशी जरा जाड करा अशी सूचना आली. मुलाला मिशी अशी फारशी नव्हतीच, पण गावाच्या इभ्रतीचा प्रश्न होता. चेहऱ्याकडे बघून सगळे म्हणाले, "झकास!"

"वैनी, बगा की आता," सुभेदारांनी हाक मारली. "पास का नापास?"

ती उठून आली. पुतळ्यासमोर उभी राहिली. मान थोडी इकडे केली, थोडी तिकडे केली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. तिने आपल्या डाव्या गालावर बोट ठेवलं.

"आवं भावजी, तीळ ह्या गालाला हुता."

मग बारा जणांनी एकदम बोलायला सुरुवात केली. वैनी, तुमी समोरनं बगताय, समोरनं उलटं दिसतंय. वैनी, रडून रडून डोळ्याला अंदारी आली आसंल. वैनी, बोर्ड काय खोटा हाय व्हय? एकाने मोबाईलवर बोर्डाचा फोटो काढून तिच्यापुढे धरला. तीळ उजव्या गालावर. दुसऱ्याने मुलाने स्वतः काढून पाठवलेला एक फोटो शोधला, बर्फात उभा राहून, हात लांब करून काढलेला. त्यातही तीळ उजव्या गालावर. "ह्यो तर त्यानंच धाडलेला," सुभेदार म्हणाले. "आता?"

स्वतःचा फोटो स्वतः काढला की काही मोबाईल तो आरशासारखा उलटा ठेवतात, हे त्या बारा जणांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला माहीत होतं. आणि त्याच क्षणी मला ते बटण आठवलं.

"वैनी, तुमी कशावरनं म्हनताय ते तरी सांगा," कुणीतरी विचारलं.

तिने त्या सगळ्या पुरुषांकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. परत मोबाईलकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "आसंल मग. मलाच न्हाई आठवत."

काका म्हणाले, "ताई, फोटो कधी खोटं बोलत नाही." एवढ्या वर्षांच्या धंद्यानंतर हे वाक्य ते गंभीर चेहऱ्याने म्हणू शकले, याचं मला आजही नवल वाटतं. सगळे बाहेर चहाला गेले. ती सगळ्यात शेवटी गेली, जाताना मातीच्या चेहऱ्याकडे वळून बघितलंही नाही. आणि मी? मी कोरणी धुवत उभी होते. माझे आठ दिवस राहिले होते. आठ दिवसांनी त्या फॉर्मवर सही, सही झाली की पदवी. तोंड उघडलं असतं तर बारा माणसांसमोर काकांचं दुकान खोटं पडलं असतं. मी कोरणी इतकी स्वच्छ धुतली की तेवढी ती कधीच धुतली नव्हती. मला माझी शरम वाटली, आणि शरम वाटूनही मी बोलले नाही.

जीपा गेल्यावर मी खण उघडला. पाकीट तिथेच होतं. पांढरा शर्ट, वळलेली मान आणि डाव्या गालावर तीळ. मी तो फोटो काकांपुढे ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी चष्मा लावून बघितला, मग पुतळ्याकडे बघितलं, मग चष्मा काढला.

"तीळ काढून इकडे लाव. एक मिनिटाचं काम," ते म्हणाले.

मी म्हटलं, तिळाचं नाही, सगळा चेहराच उलटा आहे. भुवई उलटी, ओठ उलटे. तीळ हलवला तर तो कुणाचाच चेहरा राहणार नाही. हे त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं, पदक काही उगाच मिळालं नव्हतं.

"अगं, गावाला पुतळा पाहिजे, चेहरा नाही. एकदा हार पडला की गाल कुणाला दिसतोय? सोमवारी साचा घ्यायचाय. साहेबांची तारीख बदलायची म्हणजे काय असतं ते तुला माहीत आहे?" मग जरा थांबून म्हणाले, "आणि तुझी सही व्हायचीय ना अजून?"

हे ते धमकी म्हणून बोलले नसावेत. पण मी ते धमकी म्हणूनच ऐकलं. मी म्हटलं, "सही राहू दे काका. ती बाई स्वतःच्या पोराचं तोंड विसरले असं समजून घरी गेलीय." ते मशीनवरची धूळ पुसत बसले. रविवारी दुकान बंद असे. मी पाकीट पिशवीत घातलं आणि सकाळच्या गाडीने निघाले. कराडला गाडी बदलली, रहिमतपूरला उतरले, तिथून माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन त्या गावात पोचले. रस्ताभर मी काय बोलायचं त्याची वाक्यं जुळवत होते. व्यावसायिक अनुभवात हा भाग कुठे बसतो ते विभागप्रमुखांनी सांगितलं नव्हतं.

गावाच्या वेशीवर आमचाच बोर्ड होता. उन्हाने साहेबांचा रंग उडाला होता. घर विचारत गेले तर ती ओसरीवर घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. मागे भिंतीवर आम्ही दिलेली तसबीर, ताजा हार, उजव्या गालावर तीळ. तिने मला ओळखलं. "शेडातली पोरगी न्हवं तू? ये, बस. पाणी पी." माझी जुळवलेली सगळी वाक्यं पाण्याबरोबर आत गेली. मी सरळ पाकीट काढून तिच्या हातात दिलं.

"काकी, तुमचंच बरोबर होतं. मी फिरवलं त्याला."

तिने लुगड्याला हात पुसले आणि फोटो काठांनी धरला. बघत राहिली. मी बोलत सुटले. संगणकावर असं बटण असतं, साहेब उजवीकडे होते, तुमचा मुलगा डावीकडे बघत होता, त्याचं तोंड साहेबांकडे यायला पाहिजे होतं म्हणून.

"सायबाकडं कशापायी?" तिने विचारलं.

तिने हे रागाने विचारलं नव्हतं, तिला खरंच कळलं नव्हतं. चार महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही कुणाला विचारला नव्हता.

"ह्यो एकच फोटू हुता माझ्यापाशी," ती म्हणाली. "कमिटीनं नेला तो आलाच न्हाई. त्याचा मोबाईल आलाय ट्रंकेतनं, पर त्यो उगडत न्हाई कुनाला. काल घरी आले आन् रातभर मी ह्या तसबिरीकडं बगत बसले. म्हनलं, एवढं एक लेकरू, आन् त्याचं बी त्वांड इसरले मी. मग जिवंत राहून काय करायचं मी?" तिचा आवाज तिथे फाटला. मी तिचा हात धरला. धरायचा मला काय हक्क होता कोण जाणे, पण धरला. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आता त्या पुतळ्याचं काय करतीस?"

मी म्हटलं, तोंड पुन्हा करते. ती म्हणाली, "मग मी बी येते."

सोमवारी सकाळी काका दुकान उघडायला आले तेव्हा आम्ही दोघी पायरीवर बसलो होतो. त्यांनी आमच्याकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि किल्ली माझ्या हातात दिली. मग साचा घेणाऱ्या माणसाला फोन लावून म्हणाले की माती अजून ओली आहे, बुधवारी ये. काकांनी माझ्यासाठी आयुष्यात केलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ती त्यांनी चुलीत लाकूड ढकलावं तितक्या चिडून केली.

मी बारीक तारेने चेहरा खरवडून काढला. पंधरा दिवसांचं काम अर्ध्या तासात बादलीत पडलं. मग मूळ फोटो समोर लावून सुरुवात केली; खाचाखोचा आता हाताला पाठ होत्या, नुसत्या बाजू बदलायच्या होत्या. ती शेजारी स्टुलावर बसली होती. फारसं बोलत नव्हती. "भुवई आनिक वर जायची, खोटं बोलला की." "मिशी काढ गं ती, लव हुती नुसती." मी मिशी काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये आम्ही दोघीच होतो. काका पुढे कुणाच्या तरी अभिनंदनाचा बोर्ड छापत होते. तिने दाराकडे एकदा बघितलं आणि स्टूल माझ्याजवळ ओढलं.

"परवा त्ये इचारत हुते बग, कशावरनं म्हनताय म्हनून," ती हळू आवाजात म्हणाली. "मी त्याला डाव्या अंगाला पाजायची. त्या अंगाला घेतला की तीळ वरच्या गालाला यायचा, माझ्या डोळ्याम्होरं. वरीसभर तेवढंच बगत बसायची मी. आता एवढ्या बाप्यांम्होरं कसं सांगू, सांग की."

मी मातीचा कण चिमटीत घेतला आणि डाव्या गालावर टेकवला. ती म्हणाली, जरा खाली. मी खाली केला. आनिक जरा. मग तिने मला थांबवलं आणि उठली. पुतळ्याच्या अगदी जवळ गेली, डावा हात त्या मातीच्या डोक्यामागून घातला, कोपराच्या खळग्यात डोकं आलं तशी मान वाकवून आडव्या नजरेने गालाकडे बघत राहिली. ओल्या मातीला हात लावायचा नसतो, एवढं मी चार वर्षांत शिकले होते. मी तिला अडवलं नाही.

"हां," ती म्हणाली. "आता हाय."

तिने हात काढला तेव्हा टोपीला मागून चांगला खोलगट दाब पडला होता. काकांनी तो संध्याकाळी बघितला आणि विचारलं, हे काय? मी म्हटलं, असू दे. त्यांनी माझ्या हातातला फोटो बघितला, पुतळ्याचं तोंड बघितलं आणि वरून ओलं फडकं टाकलं. फॉर्मवर त्यांनी सही केली. 'सूचनांचे पालन' या रकान्यात सगळ्यात खालचा शेरा मारला आणि 'हस्तकौशल्य' या रकान्यात सगळ्यात वरचा. तोंडी परीक्षेला सरांनी विचारलं, या अनुभवातून काय शिकलीस? मी म्हटलं, ग्राहकाचं ऐकणं. त्यांना हे उत्तर इतकं आवडलं की पुढच्या वर्षीच्या चित्रांच्या आधी ते त्यांनी पडद्यावर घातलं, असं ऐकते.

अनावरणाला मीही गेले होते. मंडप, हलगी, साहेब दोन तास उशिरा. साहेबांनी पडदा ओढला आणि टाळ्या झाल्या. एका बाजूला बोर्डावरचा उजव्या तिळाचा मुलगा साहेबांकडे बघत होता आणि चौथऱ्यावर डाव्या तिळाचा मुलगा शेतांकडे. कमिटीचे बाराही जण मधे उभे होते, दोन्हीकडे बघत होते आणि कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं. गर्दी पांगल्यावर सुभेदार पुतळ्याभोवती एक फेरी मारून आले आणि मागे थबकले. बोट फिरवून बघितलं. मग तरातरा माझ्याकडे आले.

"ह्ये काय ओ मॅडम? टोपीला मागनं पोचा हाय की. परेडला आसली टोपी चालत न्हाई. लांबी लावून भरून घ्या त्यो."

मुलाची आई चौथऱ्याच्या पायरीवर बसली होती. तिने मान वर केली.

"ऱ्हाऊ द्या भावजी," ती म्हणाली. "माझा हात हाय त्यो."